लिंबागणेशची नुमाई

तेहतीस कोटी देवांमध्ये नुमाई नावाची देवी नाही. मी दोन-तीन पुजाऱ्यांना विचारून खात्री करून घेतली आहे. त्यातल्या एकाने तर 'नाही' एवढं सांगायचीसुद्धा दक्षिणा घेतली. तरीही आमच्या लिंबागणेशात एका हिवाळ्यात या नुमाईचा असा काही दरारा बसला होता की खुद्द गणपतीला वाटलं असेल, आता आपलं काय. तो दरारा बसला नसता तर माझ्या आईच्या मावशीच्या, म्हणजे भिवराबाईच्या हाताला गेरू पुन्हा कधी लागला नसता.

निजामाचं राज्य होतं आणि जर्मनची लढाई सुरू व्हायला अजून अवकाश होता. भिवराबाई तेव्हा तिशीच्या आत होती. लग्न होऊन गावात आली तेव्हापासून भिंती तिच्याच. पंचमीचा नाग, दिवाळीची गाय-वासरं, लग्नघराच्या दारावरचे मोर, सगळं तिच्या हातचं. तिच्या नागावर एकदा मुंगसाने झडप घातली असं आई सांगायची. मुंगसाला विचारायची सोय नाही, तेव्हा आपण मानून चालू.

मग नवरा तापाने गेला. बांगड्या गेल्या, कुंकू गेलं आणि त्यांच्याबरोबर गेरूची वाटीही गेली, कारण सणाच्या भिंतीला विधवेचा हात चालत नाही. दीर चांगला होता, भाकरीला कमी नव्हतं. पण पंचमीला गावातल्या बाया लिंबाखाली झोके बांधायच्या, फुगड्या घालायच्या, आणि ही घरात बसायची. जात्यावर दळताना सांडलेल्या पिठात बोटाने चिमणी काढायची आणि कुणाची चाहूल लागली की पुसून टाकायची. पिठातली चिमणीसुद्धा चोरून काढावी लागावी, याचा मला आजही राग येतो.

नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण तो राखायचं काम पाटलीण कौशल्याबाईंकडे होतं. अर्जुनराव पाटील गावचे पाटील, आणि कौशल्याबाई अर्जुनरावांच्या पाटील. बाई आडव्या अंगाच्या, नथ भली मोठी, आणि बोलताना उजवा हात असा वर जायचा की समोरच्याने आपोआप एक पाऊल मागे सरकावं. मात्र एक गोष्ट सगळं गाव मान्य करायचं. बाई जन्मात खोटं बोलल्या नाहीत आणि दुसऱ्याचं खोटं त्यांनी कधी पचू दिलं नाही.

त्या वर्षी बीडच्या कचेरीत हैदराबादेहून एक नवीन साहेब आला. त्याला चित्रांचं वेड. आपल्या मुलखातली माणसं आजूबाजूला जे रोज बघतात, झाडं, गुरं, नदी, घरदार, ते त्यांनी आपल्या हाताने काढावं, घडवावं, विणावं, आणि ते सगळं एका ठिकाणी मांडावं, अशी त्याची हौस. याला त्याच्या भाषेत म्हणतात नुमाइश. हुकूम गावोगाव गेला. आमच्या गावात दवंडी द्यायचा धुळाजी. त्याचे पुढचे दात पडलेले होते, त्यामुळे 'श' त्याच्या तोंडातून नुसता वारा होऊन निघून जायचा.

"ऐका हो ऐका," धुळाजीने हलगी वाजवली. "दिवाळी झाल्यावर बीडला नुमाई भरनार हाय. झाडं-पानं, गुरं-ढोरं, रोज दिसतंय त्ये समदं काडून आनावं. सरकारचा हुकूम हाय."

झालं. शितळाई आहे, मरीआई आहे, यमाई आहे, मग नुमाई का नसावी? कचेरीतून हुकूम आला म्हणजे देवी सरकारी, आणि सरकारी म्हणजे कडकच असणार. संध्याकाळी पाटलांच्या ओट्यावर बायांची सभा बसली. नुमाईला गोडाचा नैवेद्य चालतो की तिखटाचा, यावर अर्धी सभा खर्ची पडली. मग खरी अडचण निघाली. देवीसाठी चित्र काढून न्यायचं तर काढायचं कोणी? ती कोणाच्या हातचं घेते?

"चुकीच्या हातचं नेलं अन् कोपली, तर?" एक जण म्हणाली.

कौशल्याबाईंना सगळ्या देव्यांचे कुळाचार पाठ, पण ही त्यांच्या वहीबाहेरची. तसं कबूल करायला त्या मागेपुढे बघणाऱ्या नव्हत्या. "मला ठाव न्हाई," त्या म्हणाल्या. "निजाम सरकार ज्यांच्यातलं, त्यांना ठाव असंल. हाफिजाबीला बोलवा."

हाफिजा म्हणजे वाहेद रंगाऱ्याची बायको. गावातली लुगडी-पागोटी तिच्याच अंगणातल्या हंड्यांतून रंगून निघायची. भिवराबाई पूर्वी रंग आणायला जायची, तेव्हापासून दोघींचं गूळपीठ. नुमाइश म्हणजे काय हे हाफिजाला पक्कं ठाऊक होतं. तिचा भाऊ हैदराबादेत होता. ओट्यापुढे येऊन तिने सगळं ऐकून घेतलं. हसू आलं ते पदरात दाबलं. सांगून टाकणारच होती ती. पण तेवढ्यात ओट्याच्या कोपऱ्यात खांबाला टेकून बसलेली भिवराबाई तिला दिसली. सगळ्या बाया हाफिजाच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि भिवराबाई बघत होती दिवाळीसाठी दारात कालवून ठेवलेल्या गेरूच्या वाटीकडे.

हाफिजाने मनाशी हिशेब केला. अशी देवी मुळात नाहीच, तर नसलेल्या बाईबद्दल काहीही बोललं तरी ते खोटं कसं होईल?

"अगे मा," ती म्हणाली, "तुमाला ठाव न्हाई? नुमाईला बेवाच लागती. सुवाशिनीचा हात लागला की रुसती ती."

बायांच्या माना हळूहळू खांबाकडे वळल्या. कौशल्याबाईंनी बराच वेळ विचार केला. नियम म्हणजे नियम, मग तो कुठल्याही देवीचा असो. "भिवरे," त्या म्हणाल्या, "ऊठ. देवीचं काम हाय. ती वाटी घे."

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याच्या अंगणात हाफिजाने तिला खरं काय ते सांगितलं. भिवराबाईने हातातली वाटी खाली ठेवली. "अगं पर पाटलीन आक्कांना कळलं तर? मग पिठात बोट घालायला बी ठिवायच्या न्हाईत मला."

"कळंल तवा कळंल," हाफिजा म्हणाली. "आत्ता काड."

वाहेदने हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेलं जाडंभरडं कापड दिलं, म्हणजे रंग धरून राहील. भलं मोठं अंथरूण म्हणा ना. भिवराबाई रोज घरचं उरकून दुपारी यायची. पहिल्या दिवशी तिचा हात वळण इतकं विसरला होता की लिंबाच्या झाडाऐवजी बाभळ झाली. मग हाताला आठवू लागलं. गेरू, चुना, काजळ, हळद आणि वाहेदच्या हंड्यातली नीळ. ती जेवायला विसरू लागली. दीर म्हणाला, "वैनी, येवढी कसली भक्ती?" ती लाजून हसली. घरात तिला हसताना पाहून दिराची बायको दचकली म्हणे.

सगळं सुरळीत चाललं होतं, तर कौशल्याबाईंनी जाहीर केलं की त्या स्वतः बीडला येणार. नुमाईची ओटी भरायला. खण, नारळ, तांदूळ, सगळं बांधून तयार. त्या रात्री कापड जाळून टाकावं, असं भिवराबाईच्या मनात आलं. हाफिजा म्हणाली, "जाळायचं आसंल तर बीडहून आल्यावर जाळ. बघू तरी दे लोकान्ला."

वाहेदने छकडा जुंपला. मागे पडद्याआड हाफिजा, शेजारी भिवराबाई, आणि पुढे ओटीचं गाठोडं मांडीवर घेऊन पाटलीणबाई. वाटेत पाली गावाशी बिंदुसरा नदीच्या पाण्यावर बैल सोडले, भाकरी खाल्ल्या. कौशल्याबाई अगदी खुशीत होत्या. "देवी कशी दिसती गं हाफिजाबी?" त्यांनी विचारलं.

"मी तर घोशातली बाई," हाफिजा म्हणाली, "मी कवा बघनार?" हे मात्र खरं होतं.

कचेरीच्या आवारात मोठा मांडव घातला होता. आत जिल्हाभरातून आलेल्या वस्तू. नांदूरघाटच्या कुणी कडब्याच्या ताटांची बैलजोडी केली होती, वेसणीसकट. कुणाची गोधडी होती, तिच्यावर ठिगळांचं शेत, शेतात ठिगळांचीच मोट. एकाने काठीवर नदीतले मासे कोरले होते. आणि धुळाजीसारखे दवंडीवाले दुसऱ्या गावांतही असावेत, कारण एक म्हातारा झाडावरून 'काढून आणलेलं' जुळं वांगं घेऊन अदबीने उभा होता आणि साहेबाने त्यालाही जागा दिली होती.

कौशल्याबाई गाठोडं छातीशी धरून, फक्त देवी शोधत, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या. मग चपराशाला गाठलं. "नुमाई कुठं हाय?"

"हीच की," चपराशी म्हणाला.

"ही कोन?"

"ही समदी. चित्रं बघायची, वस्तू बघायच्या. यालाच म्हन्त्यात नुमाइश."

"आन् देवी?"

चपराशाने त्यांच्याकडे, मग गाठोड्याकडे बघितलं. "देवी-बिवी काय न्हाई, बाई. आन् हितं नारळ फोडू नका, साहेब रागं भरतेत."

कौशल्याबाई वळल्या. भिवराबाई मांडवात टांगलेल्या आपल्या कापडाशेजारी उभी होती, तोंडावरचा रंग उतरलेला. पाटलीणबाईंचा उजवा हात वर जायला लागला. पण हात अर्ध्यात असतानाच त्यांची नजर कापडावर पडली आणि हात तिथेच राहिला, कारण कापडावर हुबेहूब तसाच हात होता.

कापडावर पंचमी होती. गावचं लिंबाचं झाड, त्याला झोके, शेळी पाला ओढतेय, फुगड्यांत एकीचं लुगडं सुटलंय, आणि मधोमध एक आडव्या अंगाची बाई नथ सावरत, हात वर करून सगळ्या गावाला शिस्त लावतेय. पुढे गर्दी जमली होती. माणसं त्या बाईकडे बोट दाखवून हसत होती. एक जण म्हणाला, "आमची आत्या हो, थेट." दुसरा म्हणाला, "न्हाई बे, माझी सासू."

"कुनाची आत्या न्हाई, कुनाची सासू न्हाई," कौशल्याबाई गरजल्या. "ती मी हाय. लिंबागणेशची." गर्दीने वाट करून दिली आणि एकदा कापडाकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, बाई जरा सुखावल्या. मान त्यांनी थोडी तिरकीही केली, नथ दिसावी म्हणून.

मग मात्र त्या जवळ जाऊन एकेक बाई ओळखू लागल्या. ही अमकीची सून, ही तमकीची लेक. बोट फिरत फिरत थांबलं.

"यात तू कुठं हायस?"

"मी न्हाई, आक्का."

"कावून?"

"मी आसती कुठं पंचमीला? मी घरात आसती."

"मग तुला कसं ठाव, कोन कुठं उबं ऱ्हातं? ह्या पोरीचं लुगडं तर औंदाच सुटलं व्हतं."

भिवराबाईने मान खाली घातली. "आमच्या भिताडाला फट हाय. तितनं दिसतं समदं. थोडं वाकावं लागतं."

कौशल्याबाई 'फसवलंस' असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी गाठोडं सोडलं, खण आणि नारळ कापडापुढे ठेवले, आणि चपराशी पुढे आला तेव्हा त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो परत गेला.

परतीच्या वाटेवर पालीला भाकरी सोडल्या, पण खाल्ल्या फक्त वाहेदने. भिवराबाईला कळून चुकलं होतं. बाई खोटं बोलणार नाहीत. गावात पाय ठेवला की सगळं उघडं पडणार, आणि मग गेरूची वाटी कायमची गेली.

वेशीवर बाया वाट बघतच होत्या. छकडा थांबायच्या आत विचारणा सुरू झाली. "पाटलीनबाई, नुमाई बघितली का?"

"बघितली," कौशल्याबाई म्हणाल्या.

"कशी हाय?"

बाई खाली उतरल्या, लुगडं झटकलं. "देवी न्हाई ती. बघायला लावायचं म्हंजे नुमाई. आपल्या डोळ्यांपुडं आसून दिसत न्हाई, ते बघायला लावायचं. मला दिसलं." मग त्या भिवराबाईकडे वळल्या. "भिवरे, पंचमीला आमच्या भिताडावर नाग तूच काडायचा. आन् काडून झालं की घरात पळायचं न्हाई."

"आन् देवी न्हाई तर नियम?" गर्दीतून कुणीतरी विचारलंच.

"नियम मी सांगत व्हते ना आजवर?" कौशल्याबाईंचा हात वर गेला. "आता बी मीच सांगतीय."

भिवराबाई चाकाला टेकून सगळ्यांसमोर रडली. पडद्यातून हाफिजाचा निळीने माखलेला हात बाहेर आला आणि तिच्या पाठीवर फिरत राहिला.

पुढच्या पंचमीला पाटलांच्या भिंतीवर नाग उभा राहिला. दोघी-तिघींनी नाकं मुरडली, एकीने तर आपलं दार लावून घेतलं. सगळं गाव एका दिवसात शहाणं होत नाही. पण लिंबाखाली कौशल्याबाईंनी भिवराबाईला दंडाला धरून झोक्यावर बसवलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. झोका त्यांनी असा दिला की भिवराबाईचे पाय फांद्यांत गेले. "पुरे, आक्का, पुरे," ती घाबरून म्हणाली.

"गप बस," कौशल्याबाई म्हणाल्या आणि आणखी जोरात ढकललं. "मागच्या समद्या पंचम्यांचं हाय ह्ये."