उंटाची मान

"तुझं काय जातंय? तू गोष्ट सांगून आपल्या घरी जाशील. मला याच घरात राहायचंय," वहिनी ब्रश पाण्यात खळबळवत म्हणाली.

नणंद गोष्टी लिहायची, वहिनी चित्रं काढायची. दारात उभा राहून सगळ्या प्राण्यांना पाय पुसायला लावणारा त्यांच्या पुस्तकातला खडूस उंट मुलांनी अगदी डोक्यावर घेतला होता. आज दुपारी वाचनालयात मुलांशी गप्पा होत्या आणि उंट कुठून आला ते खरं सांगून टाकायचं, असा नणंदेचा हट्ट होता.

"अगं, आई हसेल."

"त्या हसल्या की मला हाक मार. चित्र काढून ठेवते, पुन्हा योग यायचा नाही."

"तयार होऊन बसलीये ती सकाळपासून," वहिनीचा नवरा दारातून म्हणाला. "गुपचूप जाण्याचा विचार असेल तर विसरा."

वहिनीला मनानं काही काढता येत नसे. लग्नाआधी ती विज्ञानाच्या पुस्तकांसाठी बेडकाचं पोट नाहीतर फुलाचा उभा छेद काढायची. समोर दिसेल तेच काढायचं, ही सवय तेव्हा लागली ती लागलीच. नवरा घोरत पडला की पाणघोडा, नणंद फुगून बसली की बेडूक. उंटासाठी मात्र तिनं चोरून सासूबाई वापरल्या होत्या. नाकाच्या टोकावर चष्मा, वर उचललेली हनुवटी, पुढे आलेला खालचा ओठ. संध्याकाळी त्या खिडकीपाशी बसत आणि ही समोर भाजी निवडायच्या निमित्तानं ताटाआड कागद धरून रेघा मारत राही. अलीकडे सासूबाईंची मान धरायची. उशी बदलून झाली, मलम चोळून झालं, फरक शून्य.

वाचनालयात पहिल्याच रांगेतल्या दात पडलेल्या मुलीनं विचारलं, "उंट तुम्हाला कुठे भेटला?"

नणंद पंख्याकडे बघू लागली.

"प्राणिसंग्रहालयात," वहिनी कशीबशी म्हणाली.

"खोटं कशाला सांगतेस पोरीला?" मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या उठल्या, चष्मा नाकाच्या टोकावर ओढला, हनुवटी वर केली. "पाय पुसलेस का गं?"

मुलं खिदळून लोळायची बाकी राहिली. वहिनीचा जीव भांड्यात पडला, पण चेहरा लपवायला तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली.

परत येताना तिनं हळूच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. एवढीशी भाजी निवडायला कुणी तासभर लावतं का? मी मान हलवली की तू कपाळाला आठ्या घालायचीस. म्हणून मग मी हलवणंच सोडलं."

"म्हणजे तुमची मान..."

"उशीचा काही दोष नव्हता."

घरी आल्यावर वहिनीनं खिडकीपाशी मोठी खुर्ची ओढली, पाठीला लोड लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पुढच्या पुस्तकात उंट पुन्हा येणार. आई रोज संध्याकाळी इथे बसतील आणि मनात येईल तेव्हा मान हलवतील. संध्याकाळचा स्वयंपाक पाणघोडा करेल."