शेजारचे काका आणि बिस्किटरावांचे ससे

डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉय गावात सशांना सद्गती देणारा माणूस एकच होता, आणि तो आमच्या शेजारी राहायचा. हे काका नागपूरहून लेकीकडे आले ते कायमचेच. तिच्या कुत्र्याचं नाव बिस्किट. काका त्याला ‘बिस्किटराव’ म्हणत, अहो-जाहो करत. जावयाला मात्र अरे-तुरे. बिस्किटरावांना सकाळी दूधपोळी मिळे आणि दुपारी राजकारणावरची काकांची मतं. एवढा सत्संग लाभूनही बिस्किटराव पक्के शिकारी निघाले. मागच्या अंगणातून ते ससा मारून आणत आणि जन्मात अंडंही न खाल्लेले काका तो त्यांच्या जबड्यातून हातानं सोडवत, नळापाशी नेऊन त्याच्या तोंडात थेंबभर पाणी घालत आणि कुंपणाशी पुरत. लेक ओरडायची, "बाबा, अहो, निदान ग्लव्हज तरी घाला!"

"शेवटचं पाणी कुणी हातमोजे घालून पाजतं का?" काका म्हणत. काकू नागपुरात वारल्या तेव्हा कोरोनामुळे विमानं बंद होती. काका इथे अडकले आणि तिकडे काकूंच्या तोंडात पाणी शेजाऱ्यांनी घातलं.

गेल्या उन्हाळ्यात बिस्किटराव जरा मलूल झाले आणि आपोआप सावरले. मग काकांना ताप भरला. बोटावर जखम, काखेत गाठ. हळदीचं दूध पिऊन त्यांनी सगळं लपवलं. कुंपणावरून मला म्हणाले, "पोरीला बोलू नका हो. कुत्र्यामुळे झालं म्हणतील, शेल्टरमध्ये सोडून येतील त्याला." मी तिला लगेच सांगितलं, पण तोवर आजार छातीत उतरला होता. डॉक्टरांनी नाव सांगितलं, ट्युलरेमिया. सशांचा आजार. कुत्र्याला बहुधा थोडक्यात सोडतो. माणसाला मेलेला ससा हाताळल्यानं, गोचीड चावल्यानं, क्वचित कुत्र्याच्या तोंडातूनही होतो. "लवकर आले असते तर अँटिबायोटिक्सनी बरे झाले असते," ते म्हणाले. त्या ‘लवकर’वर लेकीला रडू फुटलं. काका मला जवळ बोलावून पुटपुटले, "बिस्किटरावांना कळू देऊ नका. उगाच मनाला लावून घेतील."

काकांच्या तोंडात पाणी लेकीनं घातलं, आपल्या हातानं. बिस्किटलाही तिनं कुठे सोडलं नाही. आता त्याला गोचिडीचं औषध असतं, पट्टाही असतो, तरी एखादा दिवस तो निसटतो, ससा आणून नळापाशी ठेवतो आणि वाट बघत बसतो. लेक ऑफिसात असली की मीच जातो. जाड रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, लांब दांड्याचं फावडं. पुरण्याआधी नळ जरासा सोडतो, थेंबभर पाणी सशाच्या तोंडावर पडू देतो आणि म्हणतो, "काका, हातमोजे आहेत. एवढं चालवून घ्या."