'कभी' आणि 'कधी'

"देखो, हमने पूछा 'कभी', और ये 'कब' बता रहा है।"

सुरक्षा अधिकाऱ्याने माझा फॉर्म हवेत धरून मोठ्याने वाचून दाखवला. खोलीत आठ-दहा उमेदवार, दोन बाबू, एक चपराशी. सगळे हसले. चपराशीसुद्धा.

जबलपूरच्या लष्करी सामानाच्या कारखान्यातली जागा होती. आत जायचा पास हवा तर या माणसाची मंजुरी हवी. मी भंडाऱ्याकडून नवाच आलेलो, जबलपुरातल्याच गोरखपूर भागात मामाकडे राहत होतो. हिंदी ऐकून समजे, पण वाचताना डोक्यात मराठीच चाले. फॉर्मवर छापलं होतं, 'नशीले पदार्थों का सेवन कभी किया है?' म्हणजे आयुष्यात एकदा तरी केलंय का, हाँ की नहीं. मला वाटलं, कधी केलं ते विचारतात. मी लिहिलं: दो साल पहले, ईंट-भट्ठे पर, गांजा. अब बंद.

खरं तेच लिहिलं. दिवसभर विटा वाहून अंग ठणकायचं, म्हणून चिलीम ओढायचो. पावसाळ्यात भट्टी बंद झाली तेव्हा सोडली. कोणी सोडवली नाही. माझी मी सोडली.

"जात क्या है?" त्याने विचारलं. मी सांगितली.

"तभी," तो म्हणाला. एवढंच. त्या एका शब्दात माझा बाप, आजा, सगळे गंजेडी ठरले.

माझ्या आधीचा उमेदवार बड्या ठेकेदाराचा मुलगा. शिवरात्रीला भांग घेतो, असं त्याने हसत सांगितलं होतं. "वह तो प्रसाद है, 'नहीं' लिख दो," हाच साहेब त्याला म्हणाला होता. काय अक्कल. देवाच्या नावाने घोटली की तिची नशा होत नाही म्हणे.

जेवणाच्या सुट्टीत एका मराठी बाबूने मामाच्या हातात कोरा फॉर्म दिला. मामा त्याच कारखान्यात फिटर. "यावर 'नहीं' लिहायला सांगा भाच्याला. साहेब मानले आहेत. पण उपकार ध्यानात ठेवजो म्हणाले."

"लिहून टाक ना. काहून अडून बसला?" मामा म्हणाला. "तिकडे माय वाट पाहून राहिली तुही."

फॉर्मच्या तळाशी छापलं होतं, खोटी माहिती दिल्यास नोकरी जाईल. म्हणजे मी खोटं लिहायचं, ते त्याने कपाटात जपून ठेवायचं, आणि निवृत्त होईपर्यंत मी त्याच्यापुढे मान खाली घालून चालायचं. इतका स्वस्त समजला होता मला. किळस आली.

"मामाजी, मी नाही लिहीत," म्हटलं.

आत गेलो. कोरा फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवला. "साहब, अब समझ में आया. 'कभी' का जवाब हाँ है. मंजूर नहीं, तो वजह लिखकर दीजिए."

"लिखकर? तुझे?"

त्याने पेनला हात लावला नाही. चारचौघांत हसायची हिंमत होती, सही करायची नव्हती. चपराशाला सांगून मला बाहेर काढलं.

नोकरी गेली. मामा महिनाभर बोलला नाही. मला पस्तावा नाही, राग आहे. जागा निघेल तेव्हा मी फॉर्म भरणार. वयाची अट संपेपर्यंत भरणार, आणि त्या रकान्यात 'हाँ' लिहिणार. मला नाकारायचं असेल, तर त्यांनी कारण लिहावं आणि खाली स्वतःचं नाव घालावं.