आवाज बंद केलेल्या टीव्हीतला वेणीवाला

भुताखेतांच्या या धाग्यावर मला ओळखणारे आता गालातल्या गालात हसतील, आणि त्यांनी हसावंच. कुणाला विहिरीवर पांढरी साडी दिसली की "साडी सुती होती की सिंथेटिक?" असा प्रतिसाद टाकणारा तो मीच. भूत, भानामती, संकेत... माझा कशावरही विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. पण गेल्या दिवाळीत फराळ करताना आमच्या लेकीने सहज एक गोष्ट सांगितली आणि मला हे लिहायला बसावं लागलं. ती इथे सांगायची तर आधी रियाधला जावं लागेल.

साल दोन हजार चार की पाच. मी तिथे एका बँकेत आयटीला होतो. सोबत बायको मेधा आणि बालवाडीतली सई. त्या देशात तेव्हा थिएटर ही भानगडच नव्हती. सुट्टीच्या दिवशी बथाच्या बाजारातून पिक्चरच्या सीडी आणायच्या आणि घरी पडदे ओढून बघायच्या, एवढीच चैन. त्यातही एक गंमत... बायकांना सीडीच्या दुकानात जायला मनाई होती, दारावर तशी पाटीच असायची. त्यामुळे सगळ्यांची ठरलेली पद्धत अशी, की पुरुषमाणसाने आत जाऊन सीडी घ्यायच्या आणि बायकामुलांनी गाडीत एसी लावून बसायचं. इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आमचं नेहमीचं दुकान दाऊदभाईंचं. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा माणूस. मी मराठी बोलतो म्हटल्यावर त्यांना कोण आनंद व्हायचा. दुकान रस्त्यालगत आणि त्या इमारतीच्या पोटात पार्किंगचं तळघर. आमची गाडी म्हणजे एक जुनी, लांबलचक अमेरिकन गाडी, मेधा तिला 'म्हैस' म्हणायची. म्हैस डुलत डुलत चालायची आणि मागून काळा धूर सोडायची. भर उन्हाळ्याची दुपार होती, रस्त्यावर गाडी लावली असती तर आत भट्टी झाली असती. म्हणून मी ती तळघरात लावली, इंजिन आणि एसी चालू ठेवला आणि जिन्याने वर आलो. मेधाने सीट मागे केली होती, सई मागच्या सीटवर रंगकाम करत होती.

दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. कोपऱ्यातल्या टीव्हीवर हिंदीत डब केलेला एक चिनी मारधाडीचा विनोदी पिक्चर चालू होता. डोक्याची पुढची बाजू भादरलेला, पाठीवर लांब वेणी सोडलेला हीरो, माकडासारखा टेबलांवरून उड्या मारतोय, भांडी फुटतायत. मला असले पिक्चर भारी आवडायचे. मी एक-दोन सीडी चाळतोय तोच अजान झाली.

तिकडे नमाजाच्या वेळी झाडून सगळी दुकानं बंद करावी लागत. गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर दुकानदार त्याला आत बसवून बाहेरून कुलूप लावायचा. नियमात बसणारं नव्हतं, पण चालायचं.

"बसा भाऊ," दाऊदभाई टीव्हीचा आवाज बंद करत म्हणाले. "मी आलोच नमाज पढून. फ्रिजात ताक हाय."

"अहो, पण मेधा आणि सई खाली गाडीत आहेत."

"मग बरा हाय की. वैनी एसीत हायत. तुमीच हितं गरमीत." एवढं बोलून हसत हसत त्यांनी दिवे मालवले, शटर ओढलं आणि कुलूप लावलं. पाठोपाठ पायाखाली कुठेतरी आणखी एक शटर खडखडत खाली गेलं. नमाजासाठी तळघराची वाटही बंद झाली होती. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

आता अंधाऱ्या दुकानात फक्त मी आणि तो मुका टीव्ही. पिक्चरमध्ये प्रसंग असा... हीरो रात्रीच्या मुक्कामाला एका सराईत, म्हणजे धर्मशाळेत उतरलाय. गुंड बाहेरून खिडकीच्या कागदाला भोक पाडून बांबूच्या नळीने आत गुंगीचा धूर सोडतायत. खोलीतले सगळे एकेक करून कलंडतात. आपला हीरो झोप लागू नये म्हणून स्वतःची वेणी वरच्या तुळईला बांधतो. पेंगला की वेणीला हिसका, हिसका बसला की जागा. मी एकटाच खो खो हसत होतो.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

पिक्चरमधली नटमंडळी कधीकधी थेट कॅमेऱ्यात बघून डोळा मारतात, तसलाच प्रकार असेल म्हणून मी हसतच राहिलो. तो पुढे आला. चेहऱ्याने सगळी काच भरली. त्याने बोटाने टकटक केलं, आतून. दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले, म्हणजे झोप. आणि मग बोट खाली दाखवलं. पुन्हा टकटक, पुन्हा झोप, पुन्हा खाली. चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता. मला जरा विचित्र वाटायला लागलं... कारण ती टकटक मला ऐकू येत होती. आवाज तर दाऊदभाईंनी माझ्यादेखत बंद केला होता.

आणि त्या टीव्हीतून सईचा आवाज आला. "आई उठत नाहीये."

मराठीत. शाळेत घातल्यापासून आमच्याशी इंग्रजीत बोलणारी माझी पोरगी.

मेधाला फोन लावला... रेंजच्या बाहेर. तळघरात कुणाचाच फोन लागत नसे, त्यावरून काय ठरवणार? दाऊदभाईंना लावला, तर तो गल्ल्याशेजारीच वाजला. आता उरलं शटर बडवणं. पण नमाजाच्या वेळी बंद दुकान आतून बडवलं तर काय होतं हे तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. धर्माचरणावर नजर ठेवणारे मुतव्वा पोलीस घेऊन गस्त घालत असायचे. आत गिऱ्हाईक सापडलं की दाऊदभाईंचं दुकान खलास, कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तिथला परवाना असतो तो मालक, त्यांना घरी पाठवणार, त्यांच्या पाठीमागे खाणारी सात तोंडं. आणि विचारलं तर सांगणार काय, टीव्हीतल्या विदूषकाने खूण केली? मी हात उचलला आणि तसाच थांबलो. आयुष्यभर ज्याची टिंगल केली त्याच्यावर विसंबून एका भल्या माणसाच्या पोटावर पाय द्यायचा?

मागे पुन्हा टकटक झाली. मी वळून पाहिलं नाही. दोन्ही मुठींनी शटर बडवायला लागलो.

मुतव्वा आलाच, सोबत पोलीस. बाहेरून दरडावणं सुरू झालं. माझं अरबी भाजी आणण्यापुरतं. "मदाम... बिंत... सय्यारा... तहत!" बायको, मुलगी, गाडी, खाली, एवढंच मी ओरडत राहिलो. मग बाहेरून मुतव्वा "यल्ला, यल्ला", चला चला, म्हणाला आणि पोलिसाने जीपमधल्या पहारीने कुलूप तोडलं.

जिना उतरताना धुराचा वास आला. तळघरात आमची म्हैस एकटीच घुरघुरत उभी होती. मेधाची मान एका बाजूला कलंडली होती, चेहरा लालबुंद. शेजारी मागच्या सीटवरून पुढे आलेली सई, फ्रॉकवर उलटी, पण डोळे टक्क उघडे. दार उघडताच ती म्हणाली, "आई उठत नाहीये."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मुतव्वाने आपल्या डोक्यावरचं फडकं काढून मेधाला झाकायला माझ्याकडे फेकलं. पोलिसाने तळघराचं शटर उघडवलं, मुतव्वाची जीप पुढे सिग्नल तोडत होती आणि सगळ्या काचा खाली करून मी मागे. हॉस्पिटलमधल्या इजिप्शियन डॉक्टरने सांगितलं, गाडीचा धूर कोंडला, त्यातल्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो. मेधाचा जीव अगदी थोडक्यात वाचला होता. पोरगी जागी कशी राहिली, याचं मात्र त्यालाही नवल वाटलं. मुतव्वाने दाऊदभाईंना तोंडी झापून सोडून दिलं. त्या माणसांबद्दल लोक बरंच काही बोलतात, मीही बोलायचो. त्या दिवसापासून बोललो नाही.

ती सीडी दाऊदभाईंनी मला देऊन टाकली. मेधा बरी झाल्यावर मी एकट्याने ती कितीदा पाहिली असेन. सराई आहे, धूर आहे, तुळईला बांधलेली वेणी आहे. पण हीरो कॅमेऱ्याकडे बघतच नाही. तो वेणीसकट धाडकन पडतो आणि पुढचा प्रसंग सुरू होतो.

यावरही माझ्याकडे उत्तर होतं बरं का. तळघराचं शटर पडलेलं मी ऐकलं होतं, धूर पडद्यावर दिसला, डोक्याने दोन आणि दोन चार केले, बाकी सगळा भास. मेधा म्हणायची, "भास तर भास, मी जिवंत आहे ना?" सईला आम्ही एवढंच सांगितलं की आई आजारी पडली होती. ती सीडी तिला कधी दाखवली नाही. कपाटात कुलपात आहे.

आता गेली दिवाळी. सई पुण्यात नोकरी करते. चकल्या खाताना विषय निघाला, कुणाला लहानपणचं सगळ्यात जुनं काय आठवतं. ती म्हणाली, "मला ते रियाधचं पार्किंग आठवतं. अँड दॅट फनी मॅन."

"कोण माणूस?" मी विचारलं.

"वॉचमन असेल ना? लांब वेणी होती त्याला. मला खूप झोप येत होती, पण मी डोळे मिटले की तो काचेवर टकटक करायचा, तोंडं वेडीवाकडी करायचा. त्याने वेणी वरच्या पाइपला बांधली होती, स्वतःच झोके घेत होता. आय कुडन्ट स्टॉप लाफिंग."

मी चहा खाली ठेवला. मेधा माझ्याकडे बघत होती. कुणा मैत्रिणीकडे तिने तो पिक्चर पाहिला असेल, लहान मुलांच्या आठवणी सरमिसळ होतात... हे सगळं मी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. तुम्हीही प्रतिसादात लिहाल, मीच लिहिलं असतं. पण ती पुढे जे बोलली ते कुठल्या पिक्चरमध्ये नाही.

"मग मी आईला हलवलं, ती उठेना. मी त्याला सांगितलं, आई उठत नाहीये, बाबांना बोलाव. तो लगेच सीरियस झाला, मान हलवली आणि गेला. आणि मग तुम्ही आलात." तिने आणखी एक चकली घेतली. "बाबा, तुम्ही त्याला थँक यू म्हणालात ना?"