करोमतच्या नावाने

उझबेकिस्तानातल्या अंदिजानच्या त्या मोहल्ल्यात करोमतच्या तंदुरातल्यासारखी खरपूस रोटी कुणाची नसे. पण तिच्या आईचे डोळे कायम मास्तुरावर, दहा वर्षांनी धाकट्या लेकीवर.

आखातात बायका कामाला नेणारी झुल्फिया घरी आली, तेव्हा आधी करोमतच पुढे सरसावली. "मला न्या. हॉटेलात रोट्या भाजेन."

झुल्फियाने तिचे चटके बसलेले हात उलटेपालटे करून पाहिले. "तिकडे कोवळ्या मुली लागतात गं. धाकटीला पाठव. पण एकोणीस वर्षांच्या बिनलग्नाच्या पोरीला विमानतळावर अडवतात. तुझा पासपोर्ट दे हिला, तोंडवळा एकच आहे."

"म्हणजे मी चुलीपाशी आणि माझं नाव विमानात?" करोमत हसली, पण आतून नुसती जळत होती. तिने पासपोर्ट आणून झुल्फियापुढे आदळला.

निघताना मास्तुराने रिवाजाप्रमाणे रोटीचा एक घास खाल्ला. उरलेली रोटी ती परत येईपर्यंत आईने भिंतीवर टांगली. रोटी भाजली करोमतने आणि त्या रोटीसमोर रोज दुवा मागितली जायची मास्तुरासाठी!

आखातात हॉटेल नव्हतंच. बाहेरून कुलूप लावलेला फ्लॅट होता. तिथे धाड पडली तेव्हा कुलूप कुणी लावलं हे कुणी विचारलंच नाही. मास्तुरावर दोन गुन्हे लागले. एक देहविक्रयाचा, दुसरा परक्या पासपोर्टवर देशात शिरल्याचा. चार महिने तुरुंग, मग परत पाठवणी.

"तुरुंगातसुद्धा मला तुझ्याच नावाने हाक मारायचे, ओपा," आल्या दिवशी मास्तुरा थोरल्या बहिणीला म्हणाली. करोमत तिच्याजवळ सरकली. तेवढ्यात आईने ती सुकलेली रोटी दुधात भिजवून मास्तुराला भरवायला घेतली, आणि करोमत उठून बाहेर गेली.

आठवड्याने तिला चौकीत बोलावलं. तपास करणाऱ्या अंमलदाराने कागद पुढे सरकवला.

"पासपोर्ट चोरीला गेला, असं लिहून द्या. तुमचं नाव साफ."

"आणि तिचं?"

"पासपोर्ट चोरून गेली म्हणजे आपल्या मर्जीने गेली. आरोपी. कुणी हातात दिला असेल, तर फसवून नेलेली. मग देणाऱ्याला आम्ही धरू."

करोमतने पेन उचललं. एक सही, की आईची लाडकी घरातून बाहेर! पेन कागदावर टेकवून ती थांबली.

"करा हो," अंमलदार कंटाळून म्हणाला. "तिने स्वतःच कबूल केलंय. ओपाचा काही दोष नाही, मीच चोरला म्हणते."

करोमतने पेन आपटलं. "असं म्हणते? म्हणजे यातही तीच मोठ्या मनाची? गुन्हे माझ्या नावावर आणि चांगुलपणा हिचा? लिहा! मी दिला. या हातांनी. झुल्फियाने मागितला आणि मी दिला."

"का दिलात?"

"जळत होते म्हणून. तेही लिहा."

घरी मास्तुरा रडायला लागली. "का सांगितलंस? मी सगळं अंगावर घेतलं होतं ना!"

"तुला साखरेचा खडा विचारल्याशिवाय घेता येत नाही. म्हणे चोरी केली!"

 चौकीत हजर व्हायच्या दिवशी आईने डोक्याला रुमाल बांधला, करोमतचा दंड धरला आणि म्हणाली, "चल. एकटीला नाही सोडायची मी तुला." मास्तुरा पाठोपाठ निघाली, तशी तिला म्हणाली, "तू घरी थांब."

कोपऱ्यावर करोमतने वळून पाहिलं. मास्तुरा दारात तोंड बारीक करून एकटीच उभी होती. चौकीत काय वाढून ठेवलंय याची धास्ती होती, तरी करोमतला फार बरं वाटलं. तिने आईचा हात आणखी घट्ट धरला.