पिंपाचा आवाज

पाण्याचं पिंप बोटाने वरून खाली वाजवत यायचं. आवाज बदलतो, तिथपर्यंत पाणी. आज तो अगदी बुडाशी बदलला. तीन दिवस लाटांमुळे आमच्या बोटीवरची छोटी होडी बेटाला लागत नव्हती, आणि विहीर तर समोर माडांखाली दिसत होती.

"वाजवून पाणी वाढतं होय रे, सदा?" बोट चालवणारे तांडेलमामा हसले. पण सकाळचा चहा त्यांनीही नको म्हटला होता.

सातवीत शाळा सोडून मी बोटीवर स्वयंपाकाला लागलो. गावी परसात विहीर होती; पाणी संपण्याची भीती ठाऊकच नव्हती.

तेवढ्यात बेटावरच्या खाडीच्या तोंडाशी एक म्हातारी दिसली. शहाळ्यांच्या सालीची पट्टी काढून ती दोन-दोन शहाळी एकमेकांना बांधत होती आणि ओहोटीत सोडत होती. काही जोड्या भरकटल्या. सहा आमच्या हाती लागल्या. आम्ही तर हाकही मारली नव्हती. आम्ही विहिरीकडे बघत होतो तेव्हा कुणीतरी आमच्याकडे बघत होतं.

मी हात जोडले. तिचं लक्ष नव्हतं. ती पुढची जोडी बांधत होती. म्हणजे समुद्र उद्याही शांत होणार नाही, हे तिला माहीत होतं.