राजकन्येच्या दारावरचा टॅग

टॅगकाका घरातल्या कुठल्याही बिघडलेल्या वस्तूला हात लावण्याआधी तिच्या बटणाला पुठ्ठ्याचा एक तुकडा सुतळीने बांधत. त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं असे : 'काम चालू आहे. हात लावू नये.' खाली नाव आणि वेळ. पंख्याला तेल घालायचं असो की मिक्सर अडकलेला असो, आधी टॅग. काकूंच्या मिक्सरवर तो एकदा तीन दिवस लटकत होता. "पाट्यावर चटणी वाटून राहिली मी," काकू मला म्हणाल्या, "पन टॅगले हात नाही लावला. काढला तं घटस्फोटच होईन."

काका पोलादाच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल फोरमन होते. तिथे मशीन दुरुस्तीला घेतलं की स्विचवर टॅग लावायचा आणि ज्याने लावला त्यानेच काढायचा, असा नियम. साहेब आला तरी दुसऱ्याने काढायचा नाही. काका रिटायर झाले, नियम झाला नाही. जुनवानीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर, हिंदी मुलखात वाढून हिंदीच बोलणारा त्यांचा मुलगा, विकीसर, मोबाइलवरचे खेळ बनवायची छोटी कंपनी चालवत. मी तिथे कामाला होते. काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली.

मी चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमधली, घरातली पहिली पदवीधर. वडिलांनी माझी डिग्री फ्रेम करून दारासमोरच लावली होती, येणाऱ्याला चपला काढतानाच दिसावी म्हणून. विकीसरांनी मला अनुभव न विचारता कामावर घेतलं, हे मी विसरलेले नाही. पण काम काय, हे घरी सांगायची सोय नव्हती. परीकथेच्या थाटाचा, पण अठरा वर्षांवरच्यांसाठीचा प्रेमाचा खेळ होता तो. मनोऱ्यात राजकन्या, तिचं मन जिंकायला आलेला राजपुत्र. खेळणाऱ्याने राजपुत्राचे गुण वाढवायचे, रूप, धैर्य, बोलणं, प्रत्येक शंभरापर्यंत. हे आकडे कशाने वाढतील, कशाने घटतील याचे तक्ते मी करत असे आणि संवादही लिहीत असे. घरी सांगितलं होतं, लहान मुलांच्या गोष्टींचं ॲप आहे.

काकांना त्यात लाजण्यासारखं काही दिसलं नाही. "अठराच्या वरचे म्हनजे कामावर जानारे लोक," ते म्हणाले. "त्याइच्यासाठी चांगली वस्तू कावून बनवू नये?" रोज सकाळी दहाला ते चष्मा पुसून खेळ तपासायला बसत. विकीसरांनी गमतीने त्यांना टेस्टर केलं, कागदोपत्री तसं लिहूनही टाकलं. काकांनी मात्र ते गमतीत घेतलं नाही. एक लांबट रजिस्टर आणून त्यात ते प्लांटमधल्यासारखा पाळीचा अहवाल लिहीत : 'राजपुत्र सामान्य. राजकन्या दोनदा हसली. बागेतला पूल पुन्हा अडकला, बीएस्सीला सांगितले.' बीएस्सी म्हणजे मी. माझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही.

खेळातला थकव्याचा आकडा ही त्यांचीच भर. एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "बीएस्सी, हा राजपुत्र दिवसभर तलवार चालवते, घोडा पळवते, अन् संध्याकाळी गानं म्हनते. दमत नाही का वं हा?"

"काका, राजपुत्र आहे तो."

"मंग काय झालं? नाइट करून आलेला मानूस काय पिरेम करन? बायको बोलून राहिली, अन् हा घोरून राहिला."

खालून काकूंचा आवाज आला, "लवकर समजलं!"

मग थकवा आला, आणि काकांच्या आग्रहाने तो राजकन्येलाही आला. ती दमली की दाराला पुठ्ठ्याचा टॅग लावी : 'आज नको.' राजपुत्राचे सगळे गुण शंभर झाले तरी टॅग तिनेच काढायचा. मी तसा तक्ता केला. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम, असं मला आजही वाटतं. काका स्वतः अकरा दिवस त्या दाराबाहेर अडले. बाराव्या दिवशी दार उघडलं तेव्हा त्यांनी काकूंना हाक मारून वर बोलावलं. "मी काहीच नाही केलं," ते सांगत होते, "नुसता बाहेरून बोलत होतो."

ज्या मोठ्या कंपनीसाठी खेळ बनत होता तिथल्या लोकांना हे पटलं नाही. शंभर झाले की दार उघडलंच पाहिजे, नाहीतर खेळणारे कंटाळतील, असं त्यांनी कळवलं. बदल करून पाठवायचा शेवटचा दिवस आला. त्यांच्या फॉर्मवर टेस्टरच्या नावापुढे पसंतीची खूण हवी होती.

"शंभर झाले म्हनून काय दार तोडता?" काका म्हणाले. "मी नाही देत."

"पापा, गेम है ये! आज नहीं भेजा तो ऑफिस बंद. कंपनीवालों को क्या बोलूँ मैं?"

"बापानं अडवलं म्हनून सांग." आणि ते खाली जेवायला निघून गेले.

विकीसर डोकं धरून बसले. त्या महिन्यांत मी पहाटे शिकवण्या घेऊन मग ऑफिसला येत असे. वडील रिटायर झालेले, भाऊ कॉलेजात. हे मी कारण म्हणून सांगत नाही. मी फार दमले होते, एवढंच. टॅग तिनेच काढायचा, ही तक्त्यातली ओळ मी काढली, फॉर्म उघडला आणि काकांच्या नावापुढे खूण केली.

"हो गया, सर."

त्यांनी फॉर्म वाचला आणि पाठवून दिला. "पापा पूछेंगे तो मैंने किया है," ते म्हणाले. "समझी?"

दुसऱ्या दिवशी काकांपुढे दार उघडलं, टॅग लटकत असतानाच. त्यांनी रजिस्टर मिटलं. "माह्या नावापुढं खून कोनं केली?"

"मैंने, पापा."

मी दोन टेबलांपलीकडे बसले होते. बोलले नाही. काका खाली गेले ते पुन्हा वर आले नाहीत, आणि मुलाशी त्यांनी बोलणं टाकलं. एकाच घरात, सात महिने. 'विकीले सांग, गाडी बाजूले लाव.' 'पापा से पूछो, दवाई ली क्या.' सगळं काकूंमार्फत. "निरोप नेऊन नेऊन पोस्टमन झाली वं मी," त्या जिन्यात मला म्हणाल्या. मी हसले. रोज त्याच जिन्याने वर जात होते, पगार घेत होते, आणि रोज ठरवत होते की आज सांगायचं.

खेळ चालला, ऑफिस टिकलं, त्याच कामाच्या जोरावर मला पुण्यात नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी पेढे घेऊन मी खाली गेले. काका ओट्यावर इस्त्री उघडून बसले होते.

"चालली का बीएस्सी? चांगलं झालं. बाप खूश असन तुझा."

"काका, ती खूण मी केली होती. सरांनी नाही."

स्क्रू फिरवणारा हात थांबला. "तो तं माह्या तोंडावर म्हने, मी केली."

"माझ्यासाठी म्हणाले. मला वाचवायला."

"सात महिने?"

मी माफी मागितली. काय बोलले ते आठवत नाही, बहुधा काहीच धड नसावं. काकांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, जिन्याच्या तोंडाशी गेले आणि मान वर करून त्यांनी हाक मारली.

"विकी! जेवला का बे?"

वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नहीं, पापा." आणि जरा थांबून, मराठीत, "येतो."

काका तिथेच कठड्याला धरून उभे राहिले. माझ्याकडे ते वळले नाहीत. मी पेढ्यांचा डबा ओट्यावर ठेवला आणि चपला घातल्या.